दसऱ्याच्या संध्याकाळचा झेंडू

दसऱ्याच्या संध्याकाळी बर्डीतून घरी येताना रस्त्याच्या कडेला झेंडूचे ढीग दरवर्षी दिसतात. सकाळी ज्याच्यासाठी घासाघीस चालली होती, तोच माल संध्याकाळी गाई खातात. परतीचं गाडीभाडं अंगावर नको म्हणून शेतकरी तो तिथेच टाकून गेलेला असतो. "सगळ्यांनीच लावला, मग काय होणार?" असं म्हणून आपण पुढे जातो. मला हे उत्तर अर्धवट वाटतं.

झेंडू मुळात आपला नाही. तो मेक्सिकोकडचा, पोर्तुगीजांच्या काळात इथे आला. आज त्याच्याशिवाय तोरण होत नाही. म्हणजे गिऱ्हाईक आहे. अडचण वेळेची आहे. भाव पडला तर कापूस घरात भरून ठेवता येतो, सोयाबीन पोत्यात राहतं. फुलाला 'उद्या' नसतो, आणि हे समोरच्या व्यापाऱ्याला पक्कं ठाऊक असतं.

तरीही फुलांनी डोंगरातली माणसं सावरल्याचं उदाहरण आपल्याच राज्यात आहे. जव्हार तालुक्यातलं वावर-वांगणी १९९२ साली बालमृत्यूंमुळे देशभर गाजलं. त्या पट्ट्यात दिवाळीनंतर घरं ओस पडायची, माणसं वीटभट्ट्यांवर जायची. पुढे बायफसारख्या संस्थांनी तिथे एकरभराच्या आंबा-काजूच्या वाड्या उभ्या केल्या. मग जव्हार-विक्रमगडकडच्या आदिवासी शेतकऱ्यांनी मोगरा धरला.

मोगऱ्याचा हिशोब साधा आहे. थोडी जमीन पुरते, झुडूप कित्येक वर्षं टिकतं आणि बहर नेमका उन्हाळ्यात, म्हणजे स्थलांतराच्याच दिवसांत येतो. किलोभर वजनाला हजारो कळ्या लागतात, त्या हातानेच खुडाव्या लागतात. बाहेरचा मजूर लावला तर परवडत नाही, घरची माणसं असली तर परवडतं. अट दोनच गोष्टींची: उन्हाळ्यात पाणी, आणि कळी उमलायच्या आत दादरचा बाजार गाठणं.

आता आपल्याकडे बघा. कुपोषणाच्या बातम्यांत जव्हारसोबत हमखास येणारं दुसरं नाव मेळघाटचं. डोंगर तिथेही आहे, कष्टाळू हातही आहेत. पण धारणीचं फूल नागपूरला यायचं तर घाट उतरून परतवाडा, अमरावती ओलांडावं लागतं. तोवर कळीचं फूल होतं आणि भाव उतरतो. म्हणून "मेळघाटात फुलशेती करा" असं भाषणात सांगणाऱ्यांनी आधी शीतगृह आणि गाडीचं बोलावं.

बाजार एक दिवस बंद पडला तर काय होतं, तेही आपण पाहिलंय. २५ मार्च २०२० ला गुढीपाडवा होता आणि देशभरातल्या टाळेबंदीचा पहिला दिवसही तोच. पाडव्यासाठी राखलेली फुलं शेतातच गेली.

हॉलंडमधल्या आल्समीरच्या फूल उत्पादकांनी यावर १९११-१२ च्या सुमारास तोडगा काढला. त्यांनी सहकारी लिलाव सुरू केले. भाव वरून खाली उतरत जातो, जो आधी थांबवेल त्याचा माल. सगळं सगळ्यांसमोर, आणि लिलावघराचे मालक स्वतः शेतकरी. तिथली फुलंही दुसऱ्या दिवशी कोमेजतातच. फरक इतकाच की भाव ठरण्याची जागा उत्पादकांच्या हातात आहे.

राजेहो, ही कल्पना नागपूरला परकी नाही. आपण लहानपणापासून खाल्लेल्या जॅमवरचं 'नोगा' हे नाव नागपूरच्या संत्रा उत्पादकांच्या संघटनेच्या इंग्रजी आद्याक्षरांचं आहे. पुढे तो ब्रँड राज्याच्या कृषी उद्योग विकास महामंडळाकडे गेला, ती गोष्ट वेगळी. पण संत्रावाल्यांना जे सुचलं, ते फूलवाल्यांना का जमू नये?

एक शीतखोली, उघडा लिलाव आणि त्याच्या कारभारात उत्पादकांचा शब्द. नागपूरच्या मानाने हे मागणं मोठं नाही. नाहीतर पुढच्या दसऱ्यालाही आपण सोनं वाटू आणि शेतकरी रिकाम्या हाताने गावाकडे निघेल.