वस्त्रे देणारा हात

नामधारी राजा म्हणजे काय, हे पुण्याच्या माणसाला नव्याने सांगावयास नको. हुकूम शनिवारवाड्यातून सुटत. पण ते सोडणाऱ्याला पेशवाईची वस्त्रे मात्र सातारच्या छत्रपतींकडूनच आणावी लागत. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाला आणि त्याच वर्षी वस्त्रे रघुनाथरावांना मिळाली. पुढे बारभाईंचे पारडे जड झाले, तेव्हा त्याच रामराजांकडून १७७४ च्या मे महिन्यात चाळीस दिवसांच्या सवाई माधवरावांसाठी वस्त्रे आली. खुनाचा दोष तोंडावर सांगितला तो रामशास्त्र्यांनी, गादीने नव्हे.

निवड ज्याच्या हाती नाही, त्याच्याकडून लोकांनी मग मागावे तरी काय? आमच्या युनियनांतूनही एखादे वयोवृद्ध गृहस्थ मानाचे अध्यक्ष असतात. वर्षभर त्यांना कोणी विचारीत नाही. परंतु पदाधिकाऱ्यांच्या निवडणुकीत तंटा झाला की साऱ्या खात्यांतले कामगार त्यांच्याच तोंडाकडे पाहतात.

घटना समितीपुढेही हाच पेच होता. राज्यपाल प्रौढ मतदानाने निवडावा, असे १९४७ च्या जुलैत ठरले होते. मे १९४९ मध्ये ते बदलून नेमणुकीची पद्धत आली. लोकांनी निवडलेला मुख्यमंत्री आणि लोकांनीच निवडलेला राज्यपाल, म्हणजे एका म्यानात दोन तलवारी. राज्यपालाला स्वतःच्या मर्जीने चालविण्याचे अधिकार नाहीत, कर्तव्ये मात्र आहेत, अशी डॉ. आंबेडकरांची भूमिका होती. या कर्तव्यांची कसोटी निवडणुकीनंतरच्या दिवसांत लागते.

ती महाराष्ट्रात २०१९ साली लागली. २४ ऑक्टोबरला निकाल लागले: २८८ जागांपैकी भाजप १०५, शिवसेना ५६, राष्ट्रवादी ५४, काँग्रेस ४४. निवडणूक एकत्र लढविलेले दोन पक्ष मुख्यमंत्रिपदावरून फुटले. राज्यपाल भगतसिंह कोश्यारी यांनी एकेका पक्षाला विचारले. शिवसेनेने मुदत वाढवून मागितली, ती दिली नाही. राष्ट्रवादीला १२ नोव्हेंबरच्या रात्री साडेआठपर्यंतची मुदत होती. ती संपण्यापूर्वीच राष्ट्रपती राजवट लागू झाली.

याच सुमारास अवकाळी पावसाने शेतातली पिके आडवी केली होती. मंत्रिमंडळ नाही, म्हणजे शेतकऱ्याने हात पसरावा तो राजभवनापुढेच. १६ नोव्हेंबरला राज्यपालांनी खरीप पिकांना हेक्टरी ८,००० आणि फळबागांना १८,००० रुपये, दोन हेक्टरांपर्यंत, जाहीर केले. मागणी हेक्टरी २५,००० ची होती. एरवी फिती कापणाऱ्या माणसाकडून लोक पोटाचा हिशेब मागू लागले, ही गोष्ट आम्हांस मोठी बोलकी वाटते.

पुढचे सर्वश्रुत आहे. २३ नोव्हेंबरला पहाटे ५ वाजून ४७ मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली. केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठकसुद्धा झाली नाही, पंतप्रधानांच्या विशेष अधिकाराचा नियम वापरला गेला. आठच्या सुमारास देवेंद्र फडणवीस आणि अजित पवार यांचा शपथविधी झाला. गिरणीची पहिली पाळीही पहाटे सुरू होत असे, पण भोंगा वाजवून. येथे भोंगा काही वाजला नाही. २६ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या दिवशी सभागृहात, गुप्त मतदान न करता, बहुमत सिद्ध करावयास सांगितले, आणि त्याच दिवशी फडणवीसांनी राजीनामा दिला. २८ तारखेला उद्धव ठाकरे यांनी शिवाजी पार्कवर शपथ घेतली.

बहुमत राजभवनात नव्हे, सभागृहात मोजावे, हे न्यायालयाने १९९४ मध्ये बोम्मई खटल्यात सांगून ठेवलेच होते. मात्र मोजणी केव्हा लावावी, हेही महत्त्वाचे असते. जून २०२२ मध्ये शिवसेनेत फूट पडली, तेव्हा याच राज्यपालांनी ठाकरे यांना बहुमत सिद्ध करावयास सांगितले. ठाकरे यांनी मतदानास सामोरे न जाता राजीनामा दिला. राज्यपालांचे ते करणे समर्थनीय नव्हते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ मे २०२३ रोजी दिला. परंतु राजीनामा स्वेच्छेने दिलेला असल्याने जुने मंत्रिमंडळ परत आणता येत नाही, असेही त्याच निर्णयात म्हटले. तोवर कोश्यारी राजभवन सोडून गेले होते.