प्रसूती रजेनंतरचे कपाट

पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा देणारी कायद्यातील दुरुस्ती २०१७ मध्ये लागू झाली. ही रजा संपत आली, की बाळाला कोण सांभाळणार या काळजीबरोबरच आणखी एक प्रश्न उभा राहतो. जुने कपडे अंगाला होत नाहीत, मग ऑफिसला घालायचे काय?

अशा वेळी भरमसाट खरेदी टाळावी, कारण शरीराचा आकार अजून बदलत असतो. चार कुर्ते आणि काळ्या, गडद निळ्या, मोतिया रंगाच्या तीन सलवारी पुरतात. प्रत्येक कुर्ता तिन्हींवर शोभणारा निवडल्यास बारा जोड होतात. सलवार नाडीची असावी. इलॅस्टिक पोटाला काचते, विशेषतः सिझेरियन झाले असल्यास. बाळ अंगावर पीत असेल, तर पुढून बटणे उघडणारे कुर्ते घ्यावेत. गडद, छापील सुती कापडावर दुधाचे डाग फारसे दिसत नाहीत. फिक्या रेशमावर लगेच उमटतात.

शिंप्याला शिवणीत दोन्हीकडे इंचभर माया ठेवायला सांगावे. साडीला मापाची अडचणच नाही, ब्लाउज तेवढा उसवून सैल करावा लागतो. आणि एक जादा कुर्ता ऑफिसच्या खणात कायम असू द्यावा.