द्वितीयभाषा-संपादन

द्वितीयभाषा-संपादन : घरात, बालपणाच्या पहिल्या काही वर्षांत, कोणी न शिकवता अंगवळणी पडलेली भाषा स्थिर झाल्यानंतर मनुष्य दुसरी भाषा कोणत्या क्रमाने व कोणत्या अडचणींतून आत्मसात करतो, याचा शोध घेणारी भाषाविज्ञानाची शाखा. भाषा कशी शिकवावी हा अध्यापनशास्त्राचा विषय; शिकणाऱ्याच्या मनात ती कशी घडत जाते हा या शाखेचा. दोहोंची गल्लत शिक्षणखात्यांच्या दप्तरांत आजही होत असते.

परकी भाषा शिकण्याची निकड पश्चिम किनाऱ्याला जुनी आहे. १५३४ मध्ये वसई गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी आप्पाने ती जिंकून घेईपर्यंत तेथे त्यांचा अंमल राहिला. त्याच सत्तेच्या गोव्यात १५७९ साली आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने मराठी इतकी साध्य केली की त्याचे ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापून निघाले. त्याने रचलेले कोंकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. याउलट १६८४ मध्ये गोव्याच्या व्हाइसरॉयने कोंकणी सोडून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज शिकण्याचे फर्मान काढले. दुसरी भाषा मुदत घालून हुकमाने येते, ही समजूत त्या फर्मानाबरोबर संपली असती तर बरे झाले असते. पुढे कंपनी सरकारच्या अमदानीत केरीचे व्याकरण (१८०५) आणि मोल्सवर्थचा कोश (१८३१) हे ग्रंथ परकी अंमलदारांच्या सोयीसाठीही सिद्ध झाले. परंतु या सर्व ग्रंथांत भाषेविषयी पुष्कळ असून शिकणाऱ्याविषयी जवळजवळ काहीच नाही.

शिकणाऱ्याकडे लक्ष वळले ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. रॉबर्ट लाडो याने १९५७ मध्ये असे प्रतिपादिले की दोन भाषांची रचना शेजारी मांडून पाहिली असता विद्यार्थी कोठे अडखळेल हे आधीच सांगता येते. हिंदीत नपुंसकलिंग नाही, म्हणून हिंदीभाषक ‘माझा घर’ म्हणतो. गुजरातीत ते आहे, म्हणून गुजरातीभाषकाची वाट तेथे सुकर होते. परंतु कित्येक चुका या हिशेबात बसत नाहीत. ‘बसला’, ‘हसला’ हे नियम ध्यानात येताच ‘केला’च्या जागी ‘करला’ म्हणणारा नवशिका घरची भाषा वापरत नसून मराठीचाच नियम मराठीपेक्षा अधिक काटेकोरपणे पाळत असतो. पिट कॉर्डर याने १९६७ मध्ये चुकीकडे दोष म्हणून न पाहता पुरावा म्हणून पाहावे असे सुचविले, आणि १९७२ मध्ये लॅरी सेलिंकर याने शिकणाऱ्याच्या या मधल्या, परंतु नियमबद्ध अवस्थेला अंतरभाषा हे नाव दिले. व्यवहारापुरती भाषा आली की तिची वाढ पुष्कळदा जेथल्या तेथे थांबते, हेही त्यानेच नमूद केले.

वसई तालुक्याच्या पश्चिमेस आगाशी, सत्पाळा, वटार, राजोडी, नंदाखाल या वाड्या-बागांच्या पट्ट्यात या शास्त्राला उत्तम सामग्री आहे. मात्र ती सहसा ओळखली जात नाही. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) सामवेदी व वाडवळ या बोली मराठीच्या पोटात, पण स्वतंत्रपणे नोंदलेल्या आहेत. सामवेदीला ‘कादोडी’ असेही म्हणतात. घरी यांपैकी एखादी किंवा आगरी-कोळी बोली बोलणारे मूल शाळेत पाऊल टाकते तेव्हा हजेरीपटावर त्याची मातृभाषा ‘मराठी’ लिहिली जाते, आणि येथेच खरा घोटाळा होतो; कारण क्रमिक पुस्तकातील प्रमाण मराठी ही त्याच्यासाठी व्यवहारतः दुसरी भाषा असते. आगरी-कोळी बोलींत ‘ण’ व ‘ळ’ यांच्या जागी ‘न’ व ‘ल’ येतात. ‘पानी’बद्दल बोलणी खाल्लेले मूल पुढे भीतीने ‘मन’ला ‘मण’ करू लागले, तर गुरुजींना ती दुप्पट अडाणीपणाची खूण वाटेल. भाषाशास्त्रज्ञाला मात्र तेथे प्रगती दिसेल, कारण ‘न’ आणि ‘ण’ हे भिन्न आहेत हे मुलाला उमगले असून केवळ कोणता कोठे हे ठरायचे असते. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्यासारखा नंदाखालचा लेखक २०२० मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष झाला, यावरून ही वाट किती दूरवर नेते हे कळते. ती कशी चालली जाते हे मात्र त्यावरून कळत नाही.

शाळेबाहेरचे शिक्षण निराळे. १८६७ मध्ये विरारहून मुंबईस थेट आगगाडी सुरू झाली. पुढे वसईची भाजी, फुले, केळी या मार्गाने शहराच्या बाजारात जाऊ लागली, तेव्हा हिंदी-गुजरातीचा वर्ग टोपलीपाशीच भरला. भाव, वजन आणि घासाघीस यांपुरती भाषा येथे झपाट्याने येते आणि तेवढ्यावर थांबते. सेलिंकरच्या सिद्धान्ताची याहून सोपी परीक्षा दुसरी नसावी. जेथे असे सान्निध्य पिढ्यान्‌पिढ्या टिकते तेथे भाषाच एकमेकींकडे सरकतात, हे गम्पर्झ व विल्सन यांनी १९७१ मध्ये सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावाच्या आधारे दाखविले : मराठी, कन्नड व उर्दू यांचे शब्द वेगळे राहिले, वाक्यरचना मात्र जवळजवळ एक झाली.

वसई-विरार महानगरपालिका (२००९) स्थापन होईपर्यंत या तालुक्यात परप्रांतीय वस्ती पुष्कळ वाढली होती, आणि २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी सक्तीची झाली. त्यामुळे मराठी ज्यांची उघडपणे दुसरी भाषा आहे आणि ज्यांची ती न सांगता दुसरी भाषा आहे, अशी दोन्ही मुले आता शेजारी बसतात. त्यांच्यातील भेद शोधण्यास वार्षिक परीक्षेचे गुण निरुपयोगी आहेत. त्यासाठी त्याच मुलांचे बोलणे व लेखन पहिलीपासून चार-पाच वर्षे कालक्रमाने टिपून ठेवावे लागते, आणि टिपणाऱ्याला घरची बोली कळावी लागते.