एक-चौदा आणि सातबारा एकाच ॲपमध्ये : इंटरफेस असलेल्या स्कीमातून टाइप्ड कोड कसा तयार होतो?

पेडण्यात घर नि सातार्ड्यात बागायत, डिचोलीत दुकान नि दोडामार्गात काजू. हद्दीवर हे नवीन नाही. अशा घरात गोव्याचा एक-चौदा असतो आणि महाराष्ट्राचा सातबाराही. दोन्ही एकाच ॲपमध्ये दाखवायचे तर ग्राफक्यूएलमधला ‘इंटरफेस’ कामाला येतो. (हे उदाहरण समजण्यापुरते, सरकारी संकेतस्थळांची रचना अशीच आहे असे नाही.)

स्कीमा म्हणजे करार

सर्व्हर कोणती माहिती कोणत्या प्रकारात देणार, याचा लेखी करार म्हणजे स्कीमा. ग्राफक्यूएल फेसबुकमध्ये २०१२ साली तयार झाली आणि २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. इथे ‘उतारा’ हा इंटरफेस धरू. त्यात तालुका, गाव, कब्जेदार, क्षेत्र. एक-चौदा आणि सातबारा हे दोन प्रकार तो पाळतात. ही चारही फील्ड दोघांतही पुन्हा लिहावी लागतात. शिवाय प्रत्येकाचे वेगळे असतेच : एक-चौदात सर्व्हे नंबरचे सब-डिव्हिजन, सातबाऱ्यात भूधारणा पद्धत.

कोड कसा बनतो

कोड जनरेटर स्कीमा आणि ॲपच्या क्वेरी वाचतो नि टाइपस्क्रिप्ट किंवा कोटलिनमधले टाइप लिहून देतो. आलेला उतारा कुठला, हे ‘टाइपनेम’वरून कळते. ते न तपासता एक-चौदावर भूधारणा मागितली, तर ॲप तयार होतानाच चूक दिसते. लोकांच्या मोबाइलपर्यंत जात नाही.

इथे सांभाळा

क्वेरीत फक्त इंटरफेसची फील्ड मागितली, तर तेवढीच मिळतात. भूधारणेसाठी ‘सातबारा असेल तर हेही दे’ असा फ्रॅगमेंट लिहावा लागतो. तो राहिला तर कोड बिनचूक चालेल, पण जमीन भोगवटादार वर्ग २ ची आहे हे दिसणार नाही. अशी जमीन विकायला साधारणपणे सरकारी परवानगी लागते. घेणारा बयाणा देऊन मोकळा होईल नि मग तहसील कार्यालयाच्या फेऱ्या मारत बसेल.

दुसरे, उद्या स्कीमात शहरी मालमत्तेचा तिसरा प्रकार आला, तर जुन्या ॲपला तो ओळखता येणार नाही. त्यासाठी ‘अनोळखी उतारा’ ही वाट आधीच ठेवावी.

चुकीचे फील्ड वापरले तर जनरेटर अडवतो. जे विचारलेच नाही, ते मात्र तो आठवून देत नाही. म्हणून क्वेरी लिहिताना दोन्ही बाजूंचे कागद वाचणारा माणूस शेजारी बसवावा.