निळाईचा शोध

जबलपूरजवळ भेडाघाटी नर्मदेच्या काठावर हिवाळ्यातील निरभ्र सकाळी उभे राहिले, की धुआंधार प्रपाताचे तुषार पांढरेशुभ्र दिसतात आणि त्यांवरचे आकाश निळे. दोहोंवर पडणारा सूर्यप्रकाश एकच. मग हा भेद कशाचा?

मुंबई आणि कलकत्ता येथून निघालेले लोहमार्ग १८७० साली जबलपूरला एकमेकांस मिळाले. त्याच सुमारास इंग्लंडात या प्रश्नाचा उलगडा होत होता. १८६९ मध्ये जॉन टिंडल याने काचनळीत अतिसूक्ष्म कणांचा मेघ निर्माण केला. प्रकाशझोत त्यातून जाताच तो निळा दिसला. १८७१ मध्ये लॉर्ड रॅले याने त्यास गणिताचा आधार दिला. तरंगलांबीच्या मानाने कण फार लहान असल्यास आखूड लहरी अधिक विखुरतात. तांबड्याच्या मानाने निळा प्रकाश सुमारे चौपट. जांभळा त्याहूनही अधिक विखुरतो. परंतु सूर्यप्रकाशात तो कमी असतो आणि आपली दृष्टीही त्याबाबत मंद असते. प्रपाताचे थेंब मात्र तरंगलांबीहून कितीतरी मोठे. ते सर्व रंग सारखेच विखुरतात, म्हणून तुषार पांढरे. १८९९ मध्ये रॅलेने आणखी एक पाऊल टाकले: आकाशाच्या निळाईसाठी धूलिकणांची गरज नाही, हवेचे रेणूच त्यास पुरेसे आहेत.

एवढ्या थोर शास्त्रज्ञाचेही समुद्राविषयीचे मत मात्र टिकले नाही. खोल समुद्राची निळाई म्हणजे केवळ आकाशाचे प्रतिबिंब, असे तो मानी. १९२१ मध्ये विलायतेहून ‘नारकुंडा’ जहाजाने परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी साध्या निकोल लोलकातून समुद्र न्याहाळला. पृष्ठभागावरून परावर्तित होणारा प्रकाश त्यांनी वगळला. तरीही निळाई उरलीच, किंबहुना अधिक गडद झाली. पाण्याचे रेणूही प्रकाश विखुरतात, हे त्यांनी ओळखले. पाणी तांबडा प्रकाश शोषते, याचाही त्या निळाईत मोठा वाटा आहे, हे आज ज्ञात आहे. मुंबई बंदरातूनच त्यांनी आपले निरीक्षण ‘नेचर’कडे धाडले. त्या जिज्ञासेचा माग घेत २८ फेब्रुवारी १९२८ रोजी ते कलकत्त्यात ‘रामन परिणामा’पर्यंत पोहोचले, १९३० साली त्यांस नोबेल पारितोषिक लाभले.

संगमरवरी कड्यांमधील नर्मदेच्या संथ डोहात आकाश उतरलेले दिसते. ते प्रतिबिंब खरेच. परंतु पाण्याचा रंग तेवढ्यानेच ठरतो काय, हे विचारण्याचा धडा रामन यांच्या त्या लहानशा लोलकाने दिला आहे.