शिवी आणि थप्पड

तालुक्याच्या कोर्टात उमेदवारी करताना माझ्या वाट्याला आलेली पहिली केस बांधाच्या भांडणाची. कलमं ठरलेलीच: ३२३, ५०४, ५०६. अशिलानं थप्पड मारली होती. त्याआधी मेलेल्या आईवरून शिवी ऐकली होती. ‘साहेब, शिवीचं काहीच नाही का?’ या त्याच्या प्रश्नामागे जाता जाता मी मेकॉलेपर्यंत पोचलो.

त्या काळच्या इंग्रजी कायद्यात, कितीही झोंबणारं बोलणं असलं तरी, खुनाचा आरोप सौम्य करायला नुसते शब्द पुरत नसत. मेकॉलेला हे पटलं नाही. १८३७च्या मसुद्याच्या टिपणांत तो म्हणतो, अपमानानं माणूस जखमेइतकाच पेटतो. उदाहरणं इथलीच: मुसलमानासमोर त्याच्या धर्माची निंदा, राजपुताची जात बाटवणं, खानदानी बाईच्या झाकलेल्या मेण्यात डोकं खुपसणं. (बांधावरचा कुणबी या यादीत नाही.)

१८६०च्या दंडसंहितेत ‘गंभीर आणि अचानक प्रक्षोभ’ आला आणि त्यातून शब्द वगळले नाहीत. ३२३ची वर्षभराची कैद प्रक्षोभ असेल तर ३३४खाली एक महिन्यावर येई. नुसतं अंगावर जाण्याला ३५२चे तीन महिने, प्रक्षोभात ३५८चा एक. म्हणजे सुटका नव्हे, सूट. भांडण मुद्दाम ओढवून घेणाऱ्याला तीही नाही. गंमत म्हणजे, शांतताभंग व्हावा म्हणून अपमान करणाऱ्याला ५०४खाली दोन वर्षांपर्यंत. कागदावर शिवी थपडेपेक्षा महाग!

१९६१मध्ये नानावटी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं शब्द आणि हावभावही प्रक्षोभ ठरू शकतात, हे स्पष्ट केलं. नानावटींना त्याचा फायदा मिळाला नाही. पत्नीची कबुली आणि गोळीबार यांत सुमारे तीन तास गेले होते.

आमच्या केसमध्ये अडचण वेगळीच. प्रक्षोभ सांगायचा तर थप्पड कबूल करावी लागते आणि तो सिद्ध करण्याचा भार आरोपीवर. माझे सीनियर म्हणाले, ‘मारलंच नाही म्हणायचं.’ आम्ही तसंच म्हटलं. साक्षीदार फिरले, अशील सुटला. पण ती शिवी कुठंच नोंदली गेली नाही. आमच्याकडच्या फिर्यादींतही ‘घाणघाण शिवीगाळ केली’ एवढंच असतं. नेमके शब्द लिहायला ठाणे अंमलदार लाजतो. त्याला दुसऱ्या बाजूची शिवी नोंदवून हवी होती, हे मला फार उशिरा कळलं.

१ जुलै २०२४पासून नवी न्याय संहिता आली. जुनं ३५२ आता १३१ झालंय आणि ३५२ हा आकडा गेलाय अपमानाच्या कलमाला. आमचा कारकून अजून गोंधळतो.