‘माझा प्रवास’: दोन संहिता आणि पुनर्प्रकाशनाचे स्थळ

जुन्या प्रवासवर्णनांच्या आंतरजालावरील पुनर्प्रकाशनाचा विचार बहुधा जतनाच्या अंगाने केला जातो. दुर्मिळ ग्रंथ सुरक्षित राहावा आणि तो कोणालाही वाचता यावा, एवढीच अपेक्षा त्यामागे असते. वस्तुतः हा प्रश्न प्रथम संहितेचा आहे. विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’चा प्रकाशनेतिहास त्या दृष्टीने उद्बोधक ठरतो.

कुलाबा जिल्ह्यातील वरसईचे हे याज्ञिक १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले. बायजाबाई शिंदे यांच्या मथुरेतील नियोजित यज्ञात दक्षिणा मिळेल, ही आशा त्यांच्या प्रस्थानामागे होती. वाटेत ते बंडाच्या धुमाळीत सापडले आणि झांशीच्या पाडावाचे साक्षी झाले. ही हकीकत त्यांनी १८८३ मध्ये, चिंतामणराव वैद्य यांच्या सांगण्यावरून, लिहून काढली. ती वैद्य यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा गोडसे हयात नव्हते. वैद्य यांनी भाषेला ग्रांथिक वळण दिले आणि काही मजकूर गाळला. मूळ हस्तलिखित पुढे पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडे आले व त्यावरून दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ मध्ये मूळबरहुकूम आवृत्ती सिद्ध केली. त्याच वर्षी, त्याच शहरात, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य पूर्ण झाले. संपादकाने पाठ सुशोभित करायचा नसतो, तो सिद्ध करायचा असतो, ही जाणीव या दोन्ही उपक्रमांमागे दिसते.

मात्र म्हणून वैद्यांची संहिता त्याज्य ठरत नाही. जेरोम मॅक्गॅन यांनी १९८३ मध्ये प्रतिपादन केल्याप्रमाणे साहित्यकृती ही लेखक, संपादक, प्रकाशक यांच्या व्यवहारातून घडणारी सामाजिक निर्मिती असते. जवळजवळ सहा दशके मराठी वाचकाने जे गोडसे वाचले, ते वैद्यांनी घडवलेले गोडसे होते. त्या काळातील वाचनाचा इतिहास लिहायचा तर १९०७ चीच संहिता प्रमाण मानावी लागेल. झांशीच्या प्रत्यक्षदर्शी साक्षीसाठी, किंवा एकोणिसाव्या शतकातील कोकणी भिक्षुकाच्या बोलीच्या अभ्यासासाठी, तिच्यावर विसंबता येणार नाही.

आंतरजालावर या दोहोंतील निवड चिकित्सेपेक्षा कायदाच करून टाकण्याचा संभव अधिक आहे. भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. वैद्य १९३८ मध्ये निवर्तले. त्यांचा पाठ कोणालाही निर्वेधपणे मांडता येतो. पोतदार यांचे निधन १९७९ मधील. त्यांची प्रस्तावना व टिपा २०३९ अखेर संरक्षित आहेत. परिणामी जी संहिता मुळापासून अधिक दूर, तीच अधिक सुलभ होते. संपादकाचे नाव गळाले की वैद्यांचे वाक्य गोडशांचे म्हणून उद्धृत होते आणि उद्धरणांच्या परंपरेत ते रूढ होऊन बसते.

येथे स्थळाचा प्रश्न निर्णायक ठरतो. केवळ अक्षरे उतरवून घेणारे संकेतस्थळ आवृत्तीची ओळख पुसून टाकते. ‘इंटरनेट अर्काइव्ह’सारखा संग्रह मुद्रित पृष्ठांच्या प्रतिमा शीर्षकपृष्ठासह राखतो, परंतु त्यातील यंत्रवाचित मजकुरावर भरवसा ठेवता येत नाही. विकिस्रोतावर पृष्ठाची प्रतिमा व टंकित पाठ शेजारी शेजारी राहतात आणि प्रत्येक दुरुस्तीची नोंद उरते. म्हणजे पाठभेदाच्या तळटिपेचेच कार्य वेगळ्या रूपाने साधते. ते स्थळ चिकित्सक आवृत्तीची जागा घेऊ शकत नाही, पण तिला लागणारा पुरावा नष्टही करीत नाही.

यावरून एक निकष हाती येतो. जेथे वाचक अधिक, तेथे ग्रंथ ठेवावा हे ग्रंथविक्रीचे तत्त्व झाले. पाठचिकित्सेच्या दृष्टीने स्थळ तेच योग्य, जेथे ग्रंथ आपली वंशावळ बरोबर घेऊन जाऊ शकतो. ‘माझा प्रवास’पुरते बोलायचे तर १९०७ ची आवृत्ती वैद्यांच्या नावासह, प्रतिमांसहित मांडली जावी, आणि तिच्याशी ताडून पाहता येईल अशा रीतीने हस्तलिखिताची छायाचित्रे उपलब्ध व्हावीत. तसे न झाल्यास पोतदारांनी सहा दशकांपूर्वी जो भेद कष्टाने प्रस्थापित केला, तो सुलभतेच्या नावाखाली पुन्हा नाहीसा होईल.